दोन ते पाच

वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी दोन ते पाच या वेळात असते. १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. लातूरच्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता रस्त्यावर चिटपाखरू नसतं. जेवण झालेलं असतं, पंखा गरम हवा फेकत असतो आणि भल्याभल्यांचे डोळे जड होतात ती नेमकी ही वेळ. मुलांचा मेंदू याच तीन तासांत लखलखीत चालायला हवा. आणि तो तसा चालावा म्हणून मुलं दोन वर्षं काय करतात, तर रात्री दोनला जागी असतात आणि दुपारी दोनला पेंगत असतात.

हा उलटा कारभार मी वर्गात बोलून दाखवला की मुलं हसतात. मग मागून एखादी म्हणते, "खरंय मॅडम, पण दिवसा वेळच कुठं राहायलाय?"

वेळ खरोखरच राहत नाही. मी लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. आमचा पहिला तास सकाळी सव्वासातला. साडेबारापर्यंत कॉलेज आणि प्रॅक्टिकल, मग मेसचा डबा, दोनला ट्यूशन एरियात फिजिक्स, त्याला लागून केमिस्ट्री, त्याला लागून डाउट सेशन. खोलीवर यायला साडेआठ. जेवण उरकून नऊ-साडेनऊला जे पुढ्यात येतं ते असं: त्या दिवशीचे डीपीपी, म्हणजे रोजचे सरावप्रश्न, मागच्या आठवड्याचा बॅकलॉग, आणि रविवारच्या टेस्टची रिव्हिजन. दिवसाचे चोवीस तास या यादीआधीच संपलेले असतात.

एका मुलीने मला तिचं टाइमटेबल दाखवलं होतं. कार्डशीटवर, चार रंगांच्या स्केचपेनांनी, पट्टी धरून आखलेलं. फिजिक्सला निळा, केमिस्ट्रीला जांभळा, बायोला हिरवा. चहाला पंधरा मिनिटांची स्वतंत्र ओळ होती. रविवारी केस धुवायला अर्धा तास होता. घरी फोन: दहा मिनिटं. रात्री १२.४५ ते १.३० या ओळीत 'बायो एनसीईआरटी' असं लिहिलेलं, आणि त्याखालची ओळ थेट पहाटे ५.३०ची, 'फॉर्म्युला रिव्हिजन'. मधल्या चार तासांना ना रंग होता ना नाव. मी विचारलं, "अगं, झोप कुठंय यात?" तिने कार्डशीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ते काय लिहायचं असतं का मॅडम?"

लातूरला हे नवीन नाही. नव्वदच्या दशकात बोर्डाच्या गुणवत्ता यादीत या गावची नावं रांगेने झळकायला लागली आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर झाला. पॅटर्नमध्ये जादू काही नव्हती. सतत चाचण्या, पेपरांचा घाणा, प्राध्यापकांचं मागे लागणं आणि मुलांचं राबणं. गुणवत्ता यादी पुढे बंद झाली, बारावीच्या गुणांची जागा प्रवेश परीक्षांनी घेतली, पण राबणं तसंच राहिलं, किंबहुना वाढलं. आता नांदेड, बीड, परभणी, धाराशिवकडची, अगदी विदर्भातलीही मुलं इथे खोल्या करून राहतात. जागणं तर या शहराच्या अंगवळणीच पडलेलं आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात टँकर येईल तेव्हा उठायचं हा सगळ्यांचाच नियम होता. घागर आणि पुस्तक घेऊन जिन्यात बसलेल्या मुली तेव्हा दिसत.

पण मला सांगायचंय ते सगळ्यांच्या जागरणाबद्दल नाही. हुशार मुलांच्या जागरणाबद्दल आहे.

शेवटच्या बाकांवरची झोप प्रामाणिक असते. डोकं हातावर, तोंड भिंतीकडे, कधी बारीक घोरणंही. त्यांना उठवता येतं, रागावता येतं, घरी कळवता येतं. पहिल्या बाकावरची मुलं तशी झोपत नाहीत. ती पाठ ताठ ठेवून, माझ्याकडे बघत, हातात पेन धरून झोपतात. कधी कधी मान डोलावतात, म्हणजे मला वाटावं की कळतंय. मला बरीच वर्षं वाटतही होतं.

एकदा वही तपासताना ते उघड झालं. उदगीरकडची मुलगी, वर्गात पहिल्या तिनांत, अक्षर मोत्यासारखं. नेफ्रॉनचा धडा होता. 'असेंडिंग लिंब' इथपर्यंत अक्षरं सरळ, टपोरी. मग ती हळूहळू बारीक होत गेलेली, ओळ खाली झुकलेली, आणि शेवटच्या अक्षराची शेपटी समास ओलांडून पानाच्या कडेपर्यंत गेलेली. पुढच्या ओळीपासून पुन्हा मोती. मधली माझी दोन-तीन वाक्यं गायब होती. ती जागा तिने नंतर मैत्रिणीच्या वहीवरून भरली होती, हिरव्या शाईने. मग मी पानं उलटत गेले. जवळजवळ प्रत्येक पानावर हिरवा तुकडा. कुठे एक ओळ, कुठे चार. सोमवारी कमी, शनिवारी जास्त. तिच्या झोपेचा असा नकाशा कुठल्या यंत्राने काढून दिला नसता.

आणि तिचे गुण? त्या महिन्याच्या टेस्टमध्ये ७२० पैकी साडेसहाशेच्या वर. आता मी तिला काय म्हणणार होते?

खरी गोम इथे आहे. बेताच्या मुलाने चार रात्री जागून काढल्या की पाचव्या दिवशी त्याचे गुण घसरतात, आई ओरडते, सर बोलावतात, तो झोपतो. त्याला त्याची बुद्धी वाचवते, कमी आहे म्हणून. हुशार मुलीचं तसं होत नाही. झोपेने नेलेली वाक्यं ती हिरव्या शाईने भरून काढते. अर्धा मेंदू पेंगत असला तरी उरलेल्या अर्ध्यावर ती वर्गात तिसरी येते. निकाल चांगला म्हणजे रीत बरोबर, असं तिलाही वाटतं, घरच्यांना वाटतं, क्लासवाल्यांना तर वाटतंच. पूर्ण झोपलेली असती तर ती कुठे असती, हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण तिची तुलना दुसऱ्यांशी होते. तिची तिच्याशी तुलना करायला कुणाकडे वेळ आहे?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हान्स व्हॅन डोंगेन, डेव्हिड डिंजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. धडधाकट प्रौढ माणसांचे गट करून त्यांना १४ दिवस प्रयोगशाळेत ठेवलं. कुणाला रात्री आठ तास झोपू दिलं, कुणाला सहा, कुणाला चार. रोज त्यांची सावधपणाची आणि डोकं चालवण्याची चाचणी घेतली. चार आणि सहा तासवाल्यांची कामगिरी दिवसागणिक ढासळत गेली, इतकी की शेवटी शेवटी ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांच्या पंक्तीला जाऊन बसली. मला यातलं सर्वांत भयंकर वाटतं ते पुढचंच. किती झोप येतेय असं त्यांना विचारलं, तर काही दिवसांनी त्यांचं उत्तर साधारण एकाच जागी थांबलं. कामगिरी उतरतच होती आणि त्यांना वाटत होतं, आता जमायला लागलं, सवय झाली. आमच्या मुली हेच वाक्य म्हणतात. "सवय झालीय मॅडम."

उदगीरच्या त्या मुलीला मी स्टाफरूममध्ये बोलावलं. ती वही छातीशी धरून उभी राहिली. माझं व्याख्यान संपल्यावर म्हणाली, "झोपायला पडले की वाटतं मॅडम, तिकडं कुणीतरी अजून वाचायलंय. मग झोपच येत नाही. मग वाटतं, झोप येतच नाही तर वाचू तरी." खोलीत तिघी राहत. जी आधी दिवा मालवेल तिला ओशाळल्यासारखं होई. समोरच्या इमारतीतही मुलीच होत्या; त्यांची खिडकी उजळलेली दिसली की या तिघींपैकी कुणी पडायला तयार नसे. समोरच्याही बहुधा यांच्या खिडकीकडे बघून बसलेल्या असणार. मध्यरात्रीनंतर दोन्ही घरांत पुस्तकाचं पान किती उलटलं जात होतं, देव जाणे.

मी म्हटलं, "घरी सांग, मॅडमनी लवकर झोपायला सांगितलंय."

ती पहिल्यांदा हसली. "पप्पा रात्रीच फोन करतेत. शेतातून."

वडिलांची थोडी जमीन. मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची येते, काही दिवस दिवसाची. रात्रीची पाळी असली की ते बॅटरी आणि काठी घेऊन उसाला पाणी द्यायला जातात. साप, विंचू, रानडुक्कर, सगळं असतं. बारे मोडता मोडता मध्येच लेकीला फोन लावतात. "वाचायलीस का?" ती म्हणते, "हो पप्पा." ते म्हणतात, "वाच. मी बी जागाच हाय." एवढाच फोन.

आता या मुलीला कुठल्या तोंडाने सांगायचं की बाळ, आठ तास झोप? बाप अंधारात चिखलात उभा असताना आपण पांघरूण घेऊन पडायचं, हे तिला अभ्यासातल्या आळसासारखं वाटत नाही, बेइमानीसारखं वाटतं. पुस्तक उघडं आहे, दिवा चालू आहे, डोळे उघडे आहेत, यात शिकण्याचा भाग थोडा आणि साथ देण्याचा जास्त. वेळेचं नियोजन शिकवणाऱ्या व्याख्यात्यांना हे कळत नाही. ते दरवर्षी येतात, पडद्यावर रंगीत वर्तुळं दाखवतात, झोपेला एक पाकळी देतात आणि मानधन घेऊन जातात. या पोरींचं अडतं ते नियोजनापाशी नाहीच.

शेतकऱ्यांनी दिवसा वीज मिळावी म्हणून कितीदा आंदोलनं केली, निवेदनं दिली. सौर वाहिनीची योजना आली ती याच मागणीपोटी. म्हणजे बापाला कळलेलं आहे की रात्रीची पाळी ही चांगली गोष्ट नाही, नाइलाज आहे. लेकीच्या बाबतीत मात्र तीच रात्रपाळी त्याला कौतुकाची वाटते.

जागून शिकण्याला आपल्याकडे मान आहे आणि त्या मानामागे खरी माणसं आहेत. १४ एप्रिलच्या सुमारास महाराष्ट्रातल्या कित्येक महाविद्यालयांत आणि वसतिगृहांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन म्हणून. मीही त्यात बसलेली आहे. एक दिवस असं बसण्यात एक वेगळंच बळ मिळतं. पण धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतली जी हकिकत आहे, ती मला मुलांना पुन्हा पुन्हा सांगाविशी वाटते. मुंबईत परळच्या चाळीत एकच खोली, माणसं जास्त, अंग टाकायला जागा अपुरी. भीमराव संध्याकाळी लवकर झोपी जायचे. वडील रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग मुलाला अभ्यासाला उठवायचे आणि मुलाच्या मोकळ्या झालेल्या जागी स्वतः आडवे व्हायचे. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले.

ही हकिकत ऐकणाऱ्याच्या मनात रात्रीचे दोन तेवढे राहतात. त्याआधीची झोप कुणी लक्षात ठेवत नाही. त्या खोलीत झोपेची टंचाई होती आणि म्हणूनच ती मोजून, विचार करून वाटली जात होती. पहिली पाळी मुलाची. बापाने आपली मागे ठेवली. रामजींनी मुलाला जागवलं हे जितकं खरं, तितकंच त्याला आधी झोपू दिलं हेही. आमच्या आजच्या खोल्यांत तीन कॉट, तीन टेबलं, तीन दिवे आहेत आणि झोपेची पाळी कुणाचीच लागत नाही.

संस्कृत सुभाषितकारांनी विद्यार्थ्याच्या पाच लक्षणांत कुत्र्यासारखी झोप सांगून ठेवली आहे. आमच्या गणिताच्या सरांचं हे आवडतं सुभाषित. रचणाऱ्याने कुत्रं बहुतेक रात्रीचंच पाहिलेलं असावं. आमच्या कॉलेजच्या आवारातली कुत्री सकाळच्या पहिल्या तासाला नोटीसबोर्डाखाली जी पडतात, ती मधल्या सुटीची घंटा झाली तरी कान हलवत नाहीत. रामदासांनी दासबोधात निद्रानिरूपणावर आख्खा एक समास खर्चून झोपाळू माणसांच्या नाना तऱ्हा मिश्कीलपणे टिपल्या आहेत. वर्गात उभं राहून शिकवणाऱ्याने तो जरूर वाचावा, आपण एकटे नाही हे कळतं. पण याच परंपरेत चरकही आहे. शरीराचे तीन उपस्तंभ सांगताना त्याने आहाराच्या शेजारी झोप ठेवली, आणि सुखदुःख, बळ आणि अशक्तपणा यांच्याबरोबर ज्ञान आणि अज्ञानही झोपेवर अवलंबून असल्याचं सांगितलं. सरांना मी हे ऐकवलं. ते म्हणाले, "चरक नीटला नाही ना." चरक नाही, पण मेलाटोनिन आहे.

अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात संप्रेरकांच्या धड्यात पिनियल ग्रंथीवर एक छोटा परिच्छेद आहे. मेलाटोनिन हे संप्रेरक शरीराची चोवीस तासांची लय सांभाळतं, झोपण्या-जागण्याचं चक्र आणि शरीराचं तापमान त्यावर ठरतं, असं त्यात दिलंय. परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणून मुली तो पिवळ्या हायलायटरने रंगवतात. रात्री एक वाजता, ट्यूबलाइटच्या उजेडात. मी शिकवताना सांगते की हा उजेड डोळ्यांवर पडत राहिला तर तुम्ही आता जे संप्रेरक पाठ करताय ते स्रवायलाच उशीर होतो. त्या हसतात आणि तेही समासात लिहून घेतात.

पुस्तकात नसलेली एक गोष्ट मी वरून सांगते, कारण ती त्यांच्या बाजूची आहे. वयात येताना शरीराचं हे घड्याळच पुढे सरकतं. लहानपणी साडेआठला आडवं होणारं पोर पंधराव्या वर्षी अकरापर्यंत टक्क जागं असतं, त्यात मोबाइलचा दोष असेलही, पण सगळा नाही. मेलाटोनिनच उशिरा चढतं. मेरी कार्स्काडन या संशोधिकेने हे आयुष्यभर अभ्यासलं. सत्तरच्या दशकात स्टॅनफर्डला त्या मुलांची उन्हाळी शिबिरं घेत आणि त्यांची झोप मोजत. मुलं मोठी होतील तशी त्यांची झोपेची गरज कमी होईल अशी अपेक्षा होती. तसं झालं नाही. भरपूर वेळ दिला तर थोरली मुलंही नऊ तासांच्या आसपास झोपत. अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या संस्थेने २०१६ मध्ये तेरा ते अठरा वयासाठी आठ ते दहा तास सांगितले ते अशाच कामाच्या आधारावर. म्हणजे ज्या वयात घड्याळ उशिरा झोपवतं, त्याच वयात आपण सव्वासातचा तास ठेवतो. 'पहाटे उठून केलेला अभ्यास लक्षात राहतो' हे आजीचं म्हणणं खोटं नाही, फक्त आजी नऊला झोपत होती.

कॅलिफोर्निया राज्याने कायदाच केला. जुलै २०२२ पासून तिथल्या माध्यमिक शाळांचे वरचे वर्ग सकाळी साडेआठच्या आधी भरत नाहीत. आपल्याकडेही हालचाल झाली. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेसाठी शाळांच्या वेळा बदलाव्यात असं सुचवलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढला, की सकाळचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत. कुणाचे? पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे. लहानग्यांसाठी चांगलंच झालं. पण ज्या वयात झोप जीवशास्त्रानेच पुढे ढकललेली असते त्या वयाला निर्णयाने हातही लावला नाही. दहावी-बारावीच्या मुलाला झोप येते हे सरकारदरबारी अजून नोंदलेलं नाही.

झोपेत शिकलेलं पक्कं होतं, हे मुलांना पटवणं सर्वांत अवघड. त्यांना झोप म्हणजे वजाबाकी वाटते. १९२४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी अवघ्या दोन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायला लावल्या. कधी पाठांतरानंतर झोपू दिलं, कधी तेवढाच वेळ जागं ठेवलं. झोपेनंतर कितीतरी जास्त आठवत होतं. पुढे शंभर वर्षांत यावर पुष्कळ काम झालं. आमच्या गावाला कळेल अशा भाषेत मी ते सांगते. मोंढ्यावर दिवसभर गाड्या येतात, सोयाबीन, तूर, हरभरा. ढिगावर ढीग पडतो. रात्री हमाल येऊन पोती भरून, शिवून, गोदामात थप्पी लावतात म्हणून सकाळी नव्या मालाला ओटा मोकळा मिळतो. रात्रभर गाड्याच उतरवत राहिलात तर सकाळी तूर कुठली आणि हरभरा कुठला, ते अडत्यालाही सांगता येणार नाही. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात येतो आणि स्वप्नांच्या झोपेचा पहाटेकडे. साडेपाचचा गजर लावणारी मुलगी ही दुसरी पाळी रोज अर्ध्यावर सोडते.

हे ऐकताना अडत्याची मुलं मान डोलावतात. खरी, झोपेतली नव्हे.

यंदाच्या पालकसभेत मी हाच विषय घेतला. प्राचार्य थोडे नाराज होते. सभेचा विषय टेस्ट सिरीजची फी होता. मी पालकांना एवढंच म्हटलं, की रात्री फोन केलात तर 'वाचायलीस का' विचारू नका. 'झोप आता' म्हणा. तुम्ही म्हटल्याशिवाय ती झोपणार नाही. आम्ही कितीही ओरडलो तरी नाही.

सभेत कुजबुज झाली. एक आई म्हणाली, आमचा तर अभ्यासच करत नाही, तुम्ही झोपायला काय सांगताय. तिला सगळे हसले. मग मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. टोपी हातात, दंडावर उन्हाने रापलेली रेघ. ओळख दिल्यावर कळलं की हिरव्या शाईवालीचे वडील.

"मॅडम, झोपून कुणी डॉक्टर झालंय का?"

मी म्हटलं, झोपून नाही, पण झोपूनसुद्धा झालेत. त्यांना ते फारसं पटलं नाही. "न्हाई लागला नंबर, तर? गॅरंटी घेता का तुमी?"

गॅरंटी मी घेऊ शकत नव्हते. तसं सांगितलं. वीस लाखांहून जास्त मुलं बसतात, सरकारी जागा मूठभर. कुणीच घेऊ शकत नाही. जे घेतात त्यांच्या जाहिराती शहरभर लागलेल्या आहेत. माझा नकार ऐकून ते उलट सैल झाले. सभा संपल्यावर थांबले, म्हणाले, "बरं, किती वाजता झोपवू मग तिला?"

"दहा."

"दहाला तर पोरगी जेवून उठती. एक ठिवा."

"अकरा."

"साडेबारा."

शेवटी बारावर ठरलं. उठायचं मी सात म्हणत होते. सव्वासातचा तास आमचाच असल्याने माझी बाजू लंगडी होती. ते पाचावर अडून होते. सहावर आले. बारा ते सहा. पेनसिल्व्हेनियातला सहा तासवाल्यांचा गट मला आठवला, पण चारावरून सहावर आलेल्या माणसाला तो सांगण्यात अर्थ नव्हता.

ते मात्र खूश होते. टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले, "सहा तास म्हंजे लई झाली की मॅडम. मला तर सुगीत तीन बी मिळत न्हाईत." जिन्यापर्यंत जाऊन परत आले.

"शनवारी पण का हे? रव्वारी टेस्ट असती तिची."